फोर टाकलं का?

२ फेब्रुवारी, रविवार

जेवताना आज पुन्हा भांडले. सासूबाईंशी नाही – बंडूभैयांशी! सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टर, आता मीही; आमच्या शिबिराची गाडी वीस वर्षं तेच चालवतात. जुनी आता भंगारात जाणार, नवा पिकअप घ्यायचा. मी म्हणते फोर-व्हील, चारही चाकांना जोर देणारा; ते म्हणतात टू-व्हील, नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारा. "वहिनी, गाडी नाही चढत, डायवर चढते!"

माझा हट्ट उगाच नाही. डोंगरपारा गावाच्या अलीकडे नदीची रुंद वाळू आहे. गाडी अलीकडेच थांबते, पेशंट चालत येतात – जे येऊ शकतात ते. ज्यांना अजिबात दिसत नाही ते घरीच बसतात. आणि शिबिर कोणासाठी? त्यांच्यासाठीच ना!

विहंग नेहमीप्रमाणे हिंदीत : "तुम दोनों रेस लगा लो." म्हटलं, नवरा असावा तर असा! पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं. "जी गाडी वाळू पार करन, तेच घेऊ."

९ फेब्रुवारी, रविवार

नाक कापलं माझं!

शोरूममधून दोन्ही पिकअप ट्रायलला आणले. बंडूभैयांनी टू-व्हीलच्या चाकांतली हवा थोडी सोडली, लांबून पळवत आणली आणि एका दमात पलीकडे! गावची पोरं नाचायला लागली.

मग मी. फोर-व्हील काठापर्यंत बंडूभैयांनीच आणून दिली होती. ते वाळू तुडवत परत आले, तेव्हा बसताना विचारलं, "फोर टाकलं का?" ते म्हणाले, "हव." मी बटण दाबलं आणि निघाले. पन्नास पावलांत मागची चाकं निम्मी वाळूत.

"वहिनी, धान लावून राहिल्या का तिथं?"

१० फेब्रुवारी

चहा गाळता गाळता उजेड पडला! त्यांचं 'हव' म्हणजे हो, टाकलं. मी ऐकलं 'हवं' – म्हणजे टाकायला हवं. त्यांनी टाकलेलं फोर मीच बटण दाबून काढलं! फोर लागल्याचा समोरचा दिवासुद्धा बघितला नाही. दोन वर्षं झाली सांगली सोडून, रोज शंभर वेळा 'हव' ऐकते, आणि ऐन वेळी माहेरचे कान!

सासूबाईंना सांगितलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. "पोट्टे, मशीन नाही हारली, तुही सांगली हारली!"

ट्रायल पुन्हा होणार. होणार म्हणजे होणार!

१६ फेब्रुवारी, रविवार

यावेळी सासूबाईंनी दोन्ही गाड्यांत मागे पाण्याने भरलेलं उघडं पातेलं ठेवलं. म्हणाल्या, हे आपलं डोळे तपासायचं मशीन समजा.

बंडूभैया पुन्हा पळवत गेले. पोचले, पण पातेलं कोरडं. टू-व्हीलला वेग लागतो, थांबली की रुतलीच. मी दिवा बघून, काठावरच्या पोरांच्या शिट्ट्या ऐकत, मुंगीच्या चालीने गेले. मधे मुद्दाम थांबले. पुन्हा निघाले! पाऊण पातेलं पाणी शिल्लक.

फोर-व्हील! मी वाळूत अनवाणी नाचले. डॉक्टरीणबाई नाचताना गावाने बघितल्या, बघू देत. बंडूभैया तेवढे तोंड फुगवून चाकांत हवा भरत बसले.

२२ फेब्रुवारी

गाडी आली. हार, नारळ, पेढे. बंडूभैया अजून फुगलेले. दोनदा शिकवलं तरी फोर टाकायला विसरतात. "दिवा लागला का नाही, समजतच नाही. काहून घेतली हे गाडी?" मला रागच आला. हरले तर हरले, मान्य करावं माणसाने.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तो दिवा चांगला मोठा, हिरवा आहे. आज हाताला धरून त्यांना मशीनसमोर बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वीस वर्षं आम्हाला पेशंटच्या दारात नेणारा माणूस, घरात डोळ्यांच्या दोन-दोन डॉक्टर, आणि एकीनेही कधी बघितलं नाही! हळूच म्हणाले, "टू-व्हील हाताले पाठ होती, वहिनी." सासूबाई रडल्या, मग त्यांनाच रागावल्या. शुक्रवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन, मी करणार. ते बरे होईपर्यंत डोंगरपाऱ्याला गाडी मी नेणार.