नवऱ्याचा नियम

रश्मी,
जयभीम. रागातच लिहून राहिलो.

तुझ्या आईनं आज मले खव्याची बरफी दिली अन् इंग्लंडले तुझ्याकडे पाठवायले सांगितलं. अमरावतीचा कुरिअरवाला म्हणे, "भाऊ, दुधाचं काहीच तिकडं चालत नाही." मी त्याच्याशी भांडलो. मग तिथंच मोबाइलवर तिकडच्या सरकारचे नियम उघडले. गडी खरं बोलत होता.

पण त्याच साइटवर व्हिसाचं पान दिसलं. शिकायले आलेल्याले नवरा किंवा बायको आणता येत नाही, संशोधन करत असंल तरच येते, अन् तुझा कोर्स काही संशोधनाचा नाही. नियम दोन हजार चोवीसचा आहे. अन् तू तं मागच्या वर्षी म्हणाली होती, "कोर्ट मॅरेज करू, मंग नवरा म्हणून तुले बोलावून घेईन." त्या भरवशावर मी बी.कॉम. अर्ध्यात सोडलं, इंग्रजीचा क्लास लावला. त्याच इंग्रजीनं आज हे वाचलं.

तुले माहीत होतं काय? मंग निघताना बडनेरा स्टेशनवर एवढी रडली काहून? माहीत नव्हतं, तं लग्नाची तारीख दोनदा पुढं काहून ढकलली?

बरफीचा डबा घेऊन तुझ्या आईकडं परत गेलो. ती शेजारणीले सांगून राहिली होती, "आमचा जावईही तिकडंच जाणार."

फोन करून तुले विचारता येते. तू "माहीत होतं" म्हणालीस, तं सरळ भांडता येईल. पण "माहीत नव्हतं" म्हणालीस, तं आपण दोघंही सारखेच बुद्धू. मंग मी रागवू कोणावर?

अजून तरी तुझाच,
संघपाल