गल्लीच्या मधोमध रेघ

३ मार्च
वॉर्डांचा नवा नकाशा ऑफिसात लागला. मी काढलेला! साहेब म्हणाले, रेघ काय सरळ आलीय. छाती फुगली. संध्याकाळी गल्लीत शिरलो आणि डोक्यात प्रकाश पडला — ती सरळ रेघ आमच्याच गल्लीच्या मधोमध गेलीय. आमची बाजू वॉर्ड सात, समोरची आठ. समोर ताई राहते! कागदावर गल्ली म्हणजे नुसती पांढरी पट्टी. मोकळी दिसली, ओढली रेघ.
अंमल आजपासून, हरकती महिनाअखेरपर्यंत. आधी कळस, मग पाया.

८ मार्च
वॉर्ड सातची कचरागाडी गल्लीतून जाते, आठची मागच्या रस्त्याने. तिकडे बादल्या नेणं लांब पडतं, म्हणून समोरचे त्या आमच्या बाजूला आणून ठेवतात. आज गाडीवाला म्हणाला, आठचा कचरा उचलणार नाही. शेजारचा शिंपी, वीस वर्षं समोरच्यांचे कपडे शिवतोय, तोही म्हणाला, "त्यांची घाण त्यांच्याकडे." पाच दिवसांत 'ते' झाले! मग नकाशा काढणाऱ्या गाढवाला सगळ्यांनी शिव्या घातल्या. मीही घातल्या. सगळ्यात खणखणीत माझ्याच.

११ मार्च
आमच्या दारापुढे ताईची निळी बादली. शिंपी बघत होता, म्हणून मी ती पायाने पलीकडे सरकवली. ताई खिडकीत उभी होती.

१२ मार्च
बायको गेल्यापासून दुपारचा डबा ताईचा असतो. आज आला नाही.

१५ मार्च
नाहीच. स्वतः भाजी केली. शिंप्याने येऊन विचारलं, वायर जळतेय का?

१९ मार्च
ताई वाटेत भेटली. बरी आहेस ना, विचारलं. "आठवाल्यांना काय धाड भरलीय," म्हणाली आणि गेली. पन्नाशीचा घोडा मी. घरी येऊन रडलो.

२४ मार्च
आपल्याच नकाशावर हरकत लिहिली — रेघ जागेवर न जाता टेबलाशी बसून ओढली, चूक माझी, ती मागच्या नाल्यावर न्यावी. नोकरीवर गदा आली तर येवो. अर्ज घेऊन आवक खिडकीपर्यंत दोनदा गेलो, दोनदा चहा पिऊन परतलो. वाघच मी!

२५ मार्च
दिला. आवकच्या बाई म्हणाल्या, या रेघेवर आधीची एक हरकत आहे, दहा तारखेची. म्हणजे मी बादली सरकवली त्याच्या आदल्या दिवशीची. बघितली. अक्षर ताईचं. तिनेही रेघ नाल्यावरच मागितलीय. खाली आणखी एक ओळ:
"नकाशा काढणाऱ्यावर कारवाई करू नये. तो माझा धाकटा भाऊ आहे."