पंपावर कोण होतं

बाबा, मी आता तुमच्याच अग्निशमन केंद्रावर आहे, कंत्राटी. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो, शाळा तिथेच सुटली. गाडीवर सहा जणांची जागा आहे. आम्ही बहुतेक वेळा तिघे निघतो, कधी दोघेच. भरती होणार आहे, असं साहेब सांगतात. तुमच्या साहेबांनीही हेच सांगितलं असेल.

आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही ओल्या टॉवेलचा पाइप करून मला स्वयंपाकघरात मागे उभं केलं आहे, हे अजून दिसतं. पुढच्याने पाणी मारायचं, मागच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. मी भाकरीसाठी हात काढला तर तुम्ही चिडलात. "हात सुटला का मले वाटते, तू गेला. मग मी काहून पुढं जाऊ?" आई म्हणाली, "आधी जेवा, मग विझवा आग."

तुमचे जोडीदार काका अजून केंद्रावरच आहेत, दर वर्षी तुमच्या पुण्यतिथीला येतात. जेवण झालं की आईला सांगतात, "वहिनी, छत पडलं तवा माहा हात त्याच्या पाठीवरच होता." त्या एका वाक्यावर आईने इतकी वर्षं काढली.

मागच्या आठवड्यात जरीपटका भागात कापडाचं दुकान पेटलं. आत मी आणि माझ्या मागे काका. बाहेर पंपावर नवा ड्रायव्हर. मधेच पाणी तुटलं, कारण तो पंप सोडून गर्दी हटवायला गेला होता. गर्दी हटवायला वेगळा माणूस नव्हताच. परतताना काका त्याला गाडीत बोलले, "पंप सोडून कुठं फिरून राहिला होता गा? याच्या बापाच्या शेवटच्या आगीत मी पंपावरून हात नाही काढला."

नंतर ते केंद्र येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

काका पंपावर होते, तर तुमच्या मागे कोण होतं? दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्ही गेलात त्या दिवशी गाडीवर किती जण होते? "होते तेवढे होते," म्हणाले. तेव्हापासून ते माझ्यासाठी चहा आणतात, माझ्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून पाहतात. पूर्वी कधी पाहिला नव्हता. मी त्यांचा चहा पितो आणि त्यांच्याकडे पाहतो. एकटा माणूस पंप सोडून आत आला असता तर तुमचं पाणी तुटलं असतं, हेही मला कळतं. तरी आईला त्यांनी काय सांगितलं, ते कानातून जात नाही.

सरळ विचारलं तर ते सांगतील, असं वाटतं. उद्या आमची पाळी एकत्र आहे. पण मी विचारणार नाही, बाबा. त्यांनी खरं सांगितलं, तर माझ्या मागे उभं करायला केंद्रावर दुसरा माणूस नाही.