वहीतला चौथा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाच्या माणसाची बातमी आली की मी ती कापून वहीत डकवायचो. एक हृदयाचा डॉक्टर, एक गवई, एक बुद्धिबळपटू. जेवताना तुला वाचून दाखवायचो. एकदा बोलून गेलो, "नाव एकच, आणि केवढा हा फरक!" तू भरल्या ताटावरून उठलास आणि महिन्याभरात वेगळं बिऱ्हाड केलंस.

परवा चौथा सापडला. अडकलेल्या लिफ्टमधून नऊ जणांना सुखरूप बाहेर काढणारा मेकॅनिक. मी घाईघाईने कात्रण डकवलं आणि तुझ्या आईला हाक मारली, "अगं, बघ, याला म्हणतात माणूस!"

तिने चष्मा लावून वाचलं. "अहो, वय बघा, कंपनी बघा. हा आपलाच आहे."

तू लिफ्टची कामं करतोस हे मला माहीत नव्हतं थोडंच! पण बातमीतला तू असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाज वाटली रे.

पत्र टाकायचा धीर होत नाही, म्हणून वहीत तुझ्याच पानावर ठेवतोय. कधी जेवायला आलास, तर ही एकच बातमी वाचून दाखवीन. तेवढी संपेपर्यंत उठू नकोस.

तुझा,
बाबा