दोन वटवटे, एक चिठ्ठी

बाबा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आज माझं वय जास्त आहे, तरी तुमच्याशी बोलताना मी अजून दहा वर्षांचीच असते.

तुम्ही संस्थानाच्या संग्रहालयात पेंढा भरलेले पक्षी सांभाळायचात. संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं तेव्हा फक्त दारावरची पाटी बदलली. पुढे ते राज्यही गेलं, राजधानी भोपाळला ठरली आणि कपाटांची यादी करायला नवे साहेब आले. त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले होते. एका कप्प्यात दोन वटवटे शेजारी ठेवलेले, दोघंही मातकट, चिमणीहून लहान. तुम्ही साहेबांना समजावत होतात की एकाची चोच अंमळ लांब, रंग राखाडी, तो झुडपात वर वावरतो. दुसरा तपकिरी, आखूड चोचीचा, खाली गवतालगत. साहेब वाईट नव्हते. त्यांनी पुस्तक पुढे केलं. त्यात दोन्ही एकाच जातीत घातले होते. "बाबूजी, सरकारी लिस्ट है, किताब से चलेगी," एवढंच म्हणाले. तुम्ही त्यांच्या पायांना बांधलेल्या नावांच्या जुन्या दोन चिठ्ठ्या सोडवल्या आणि दोघांसाठी एकच नवी लिहिली. मी मध्येच बोलले, "पण बाबा, दोन आहेत ना?" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "घरी जा." इतक्या कोरड्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात.

भोपाळची बदली तुम्ही घेतली नाहीत, नोकरी सोडलीत. शिंदे की छावनीतल्या घरी शिकवण्या केल्यात, आणि दर हिवाळ्यात मला सायकलवर बसवून गावाबाहेरच्या बाभळींकडे नेलंत. तिथे तुम्ही श्वास रोखून बसायचात. बोट वर, राखाडीकडे, मग हळूच खाली, तपकिरीकडे.

आता पुस्तकांनी त्या पुन्हा दोन जाती मानल्यात. जगाच्या यादीत दोघांनाही धोका नाही असं लिहिलंय. असेलही. पण आपल्या बाभळींच्या जागी सिटी सेंटरच्या बँका उभ्या आहेत, आणि तिथे मला दोघांपैकी एकही दिसलेला नाही. नात म्हणते, "आजी, लिस्टमध्ये तो सेफ आहे ना, फिर क्या?"

एक सांगायचं राहिलं. मी कॉलेजात असताना, तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात, तुम्हाला अंथरुणातून उठवत नव्हतं. वटवटे आलेत का बघून ये, म्हणालात. मी हजीरा मोहल्ल्यात मैत्रिणीकडे गेले, चहा प्याले आणि परत येऊन सांगितलं, दोन्ही आलेत. तुम्ही विचारलंत, "वर कोण होता?"

"राखाडी," मी म्हणाले. तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत.

मी गेलेच नव्हते, बाबा.