लांबड्या मोटारीची जीप

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर
ता. ९ मे १९८६

मस्कतवाल्यांस रुद्राणीचा शरणार्थ.

इकडं सगळे खुशाल हाव. अप्पांचा गुडघा दुखतोय, पण दुकानाला एक दिवस खाडा न्हाई. अव्वांना दिसायला कमी झालंय. तुमच्या बहिणीचं, कमलम्माचं लगीन मार्गशीर्षात धरलंय, उदगीरचं स्थळ हाय. पाण्याचं म्हणाल तर नळ नवव्या दिवशी येतो, तेबी अर्धा घंटा. टँकरला मी आन् केवळाबाई नंबर लावतो. ही केवळाबाई तुमच्या माघारी शेजारी राहायला आली, नव्या कचेरीत शिपाई हाय. जिल्हा झाल्यापासून साहेब लोक लई वाढले, पाणी तेवढं न्हाई वाढलं.

तिकडं मस्कतला ऊन कसं हाय? मागच्या पत्रातून अप्पांनी वाचून दाखवलं, की वाळूवर पापड टाकला तर भाजून निघतो. सगळे हसले. मीबी हसले.

तुम्ही पाठवलेल्या मोटारीबद्दल लिहायचं हाय. गेल्या ज्येष्ठात खोकं आलं. वर लांबड्या लाल मोटारीचं चित्र, आत प्लास्टिकचे सगळे सुटे भाग. अप्पांनी खोकं बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं. आल्यागेल्याला दाखवायचे, पोरानं मस्कतहून धाडलं म्हणून. आठ दिवस मी वरची धूळ पुसली. नवव्या दिवशी आतला माल काढून घेतला आन् रिकामं खोकं होतं तिथं ठेवून दिलं. आठ-नऊ महिने लोक रिकाम्या खोक्याचं कौतुक करून राहिले होते बगा.

चित्रातल्यासारखी मोटार मला करायचीच नव्हती. असली मोटार आपल्या रस्त्यावर कुणी बघितली? मला तुमची जीप करायची होती. उदगीर रोडला शिटा भरायचे ती, परदेशी जायच्या पायी विकली ती.

माडीवर शिलाई मशीन हाय, तिथं बसायचे. करवतीच्या पात्याचा तुकडा घेतला, एका टोकाला चिंधी गुंडाळली. तुमच्या हत्याराच्या पेटीतली बारकी कानस घेतली. पयल्यांदा छत उतरवलं. मग मोटार मधोमध आडवी कापली आन् दोन बोटं रुंद तुकडा काढून टाकला. म्हनलं, पुढचं आन् मागचं जोडलं की झाली आखूड. कुठलं काय! मोटार पोटाला फुगीर असती, हे ध्यानातच आलं न्हाई. दोन्ही तोंडं एकमेकाला जुळंनात. त्या दिवशी लई रडले मी, वस्तू वाया घालवली म्हणून. चार दिवसांनी सुचलं. मागचा भाग उभा चिरला, मधली पट्टी काढली, तवा रुंदी बसली. फुगीर बाजू चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून सपाट केल्या. उरलेले तुकडे रंगाच्या टिनरमध्ये विरघळवले आन् ती लापशी सांध्यात भरली. बॉनेट साबणाच्या डबीच्या झाकणाचं हाय. कानशीचा आवाज खाली जाऊ नये म्हणून पायानं मशीन चालवायचे आन् हातानं घासायचे. अव्वा म्हनायच्या, "दुपारभर शिवतीस गं, शिवलेलं तर काईच दिसत न्हाई."

एक सांगायचं टाळत होते. चाकं ज्या कागदात गुंडाळली होती, तो मराठी पेपर होता. मुंबईचा. दादर-परळच्या टॉकीजच्या जाहिराती होत्या त्यात. मी तो कागद चुलीत घातला आन् कुणाला बोलले न्हाई.

अकरा महिने झाले त्याला. अकरा महिने मला ठावं हाय की तुम्ही मस्कतला न्हाईत. पेठेत मला 'मस्कतवाल्याची बायको' म्हणतात, आन् मी मान डोलावते. मनात मात्र तुम्हाला नको नको ते बोलले. खोटारडा म्हनले. दुसरं घर केलं असंल म्हनले. ते सगळं आज परत घेते.

कामून, ते सांगते. फाल्गुनात केवळाबाईनं माडीवर माझी जीप बघितली. पदराखाली झाकून कचेरीत घेऊन गेली, मला न विचारता. ऑगस्टात जिल्ह्याला चार वर्षं होतात, त्याचं प्रदर्शन हाय. आख्ख्या जिल्ह्याचा देखावा करायचाय, रस्ते, धरण, बसस्टँड, त्यावर बोटभर गाड्या. साहेबांनी जीप उलटीपालटी करून बघितली म्हणे, आन् विचारलं, हे ज्यानं केलं त्याला घेऊन या. बाई हाय कळल्यावर म्हनले, मग बाईंना आणा, फॉर्मवर नवऱ्याची संमती लागंल.

अप्पांना विचारलं. त्यांनी आधी काचेच्या कपाटातलं खोकं उघडून बघितलं. "मस्कतच्या वस्तूला करवत लावलीस?" एवढंच म्हनले. मग म्हनले, त्याला पत्र टाकतो, तो म्हनंल तसं करू.

रामनवमीच्या आसपास तुमचं उत्तर आलं. जेवणं झाल्यावर अप्पांनी चष्मा लावला. मी चौकटीत उभी, नेहमीसारखी. त्यांनी वाचलं, "घरच्या सुनेनं कचेरीची पायरी चढायची न्हाई. चढली तर तिचं तोंड बघणार न्हाई." खालमानेनं भांडी उचलली मी. सातवी पास बाई, पण तुमचं एक पत्र कधी माझ्या हाती आलं न्हाई. येतात दुकानावर, वाचली की जातात अप्पांच्या कपाटात.

परवा अप्पा लग्नाचं बोलायला उदगीरला गेले. अव्वांनी त्यांच्या कपाटाची किल्ली दिली, म्हनल्या, कमलम्मासाठी ठेवलेलं पातळ काढ, काठ कसा हाय ते मला हातानं बघू दे. पातळाखाली तुमची पत्रं होती. तेरा. मी तिथंच फरशीवर बसले आन् सगळी वाचली.

पयल्याच पत्रात तुम्ही लिहिलंय, की एजंट पळाला, मी मुंबईतच हाव, खेळण्याच्या गोदामाचा टेम्पो चालवतो, रुद्राणीला खरं सांगा. दुसऱ्यात तेच. पाचव्यात लिहिलंय, खोली मिळाली, तिला धाडून द्या. ती मोटार माझ्यासाठी होती हेबी त्यातच कळलं. आन् शेवटच्यात, "तिच्या हातात कसब हाय अप्पा, तिला कचेरीत जाऊ द्या." पायरी चढायची न्हाई, तोंड बघणार न्हाई, पापड भाजतो, ह्यातलं एक अक्षर तिथं न्हाई. ते सगळं अप्पांच्या तोंडचं.

त्यांचा राग येतो आन् कीवबी येते. तुम्हाला हार घालून स्टँडवर पोचवलं, पेठेत पेढे वाटले, आता कुठल्या तोंडानं सांगतील? कमलम्माची सोयरीक तर मस्कतच्या नावावरच जुळली. मी खरं बोलले की तिचं लगीन मोडतं. गप बसले की माझं माझ्याजवळ काईच राहत न्हाई. दार उघडंच हाय ओ घराचं, पण कुठं जायचं तर तुमची परवानगी पाहिजे, आन् ती कपाटात.

राग तुमचाबी हाय. तेरा पत्रं लिहिली, पण एका पाकिटावर माझं नाव टाकावं असं वाटलं न्हाई? माझं उत्तर येईना तवा लातूरची गाडी धरावी वाटली न्हाई? लाज वाटली असंल. मलाबी अकरा महिने वाटली. आपण दोघं लाजत बसलो आन् अप्पा दोघांच्या वतीनं बोलत राहिले.

पाकिटावर मुंबईतल्या मडिवाळप्पाचा पत्ता टाकलाय. अप्पा पुढं मस्कतला धाडायला म्हणून टाकतात तोच. तिथून पुढं कुठं धाडायचं न्हाई, हे मला आता ठावं हाय.

आता शेवटचं. फॉर्मची मुदत काल होती. तुमच्या पत्रावरची सही समोर ठेवून मी जुन्या वहीत पंधरा वेळा गिरवली. बसवंत गुरुपादप्पा. लगीन झाल्यापासून हे नाव तोंडातून काढलं न्हाई, आन् काल केवळाबाईच्या ओट्यावर बसून फॉर्मवर लिहिलं. सही हुबेहूब आली. साहेबांनी ठेवून घेतला फॉर्म. सोमवारी कामाला जायचंय. अप्पांना रविवारी सांगणार हाव, फक्त कामाचं. मग घरात काय होईल ते देवाला ठावं.

अप्पा तुमच्या नावानं 'न्हाई' म्हनले. मी तुमच्या नावानं 'व्हय' म्हनले. तुमच्या स्वतःच्या तोंडून मात्र मी अजून काईच ऐकलं न्हाई. लिहायचं असंल तर केवळाबाईच्या घरी लिहा, माझ्या नावानं. यायचं असंल तर या, मस्कतवाले म्हणून नको.

फॉर्मवर तुमच्या नावानं सही करणारी,
आन् इथं स्वतःच्या,

रुद्राणी