शांततेत न झोपणारी भाची

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, म्हणजे बाबा मजेत आणि मी पेटलेला. कारण ऐक. आपल्या गल्लीमागच्या मोकळ्या मैदानात रेल्वेचं मालगाड्यांचं यार्ड येतंय! बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्या मैदानाला पाठ लावून उभं. घड्याळ कानाशी धरून, डोळे मिटून, कुठल्या चाकाचा दात अडतोय ते ऐकणारा माणूस. तो उद्या काय ऐकणार? मी विचारलं, तर म्हणाले, ऐकू येईल तेवढं ऐकेन. असा राग आला मला!

विरोधासाठी समिती निघाली आहे. चिटणीस आहे चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारी मुलगी. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात. नाही, आत्ताच सांगतो. मी फलकावर ‘यार्ड म्हणजे मरण’ असं रंगवत होतो, तर तिने ब्रश काढून घेतला आणि विचारलं, तू यार्ड कधी ऐकलं तरी आहेस का? सगळ्यांसमोर! माझ्या तोंडून निघून गेलं, की माझी ताई यार्डाला लागूनच राहते, तीच जनसुनावणीत येऊन सांगेल. टाळ्या पडल्या. चष्मेवालीने वाजवल्या नाहीत, पण पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, नंबर तपासल्यासारखं.

तेव्हा लगेच कळव. काचा फुटल्या का? कोणाचे कान गेले का? आणि खरं सांगू, आवाज नेमका असतो कसा? मला माहीतच नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहून मान दुखवून घेतलेला,
तुझा भाऊ

१० फेब्रुवारी

चि. फटाक्यास,
अनेक आशीर्वाद.

काच एकही फुटलेली नाही. माझे कान शाबूत आहेत. तुझे मात्र भेटल्यावर उपटणार आहे. मला न विचारता माझ्या नावावर टाळ्या घेतोस? कॉलेजही असंच सोडलंस. सरांशी भांडून वर्गातून उठलास तो उठलासच.

आवाज कसा असतो म्हणतोस. इंजिन थांबतं, एक डबा मागच्यावर आदळतो, तो त्याच्या मागच्यावर, आणि ती धडक गाडीभर पळत जाते. भांड्यांनी भरलेलं फडताळ कोणी फरफटत न्यावं तसं. मग ब्रेकची किंचाळी. मग पुन्हा पहिल्यापासून. पण मला आता ते ऐकूच येत नाही रे. आमची पिटुकली तर त्याच आवाजावर झोपते, अंगाईबिंगाई काही लागत नाही.

शिवाय तुझे भावोजी त्याच यार्डात डब्यांची चाकं हातोड्याने ठोकून तपासतात. त्या पगारावर आमचं घर चालतं. मी काय म्हणून येऊ?

ती मुलगी शहाणी दिसते. तुझं काही खरं नाही. वेळेवर जेवत जा.

रागापेक्षा माया थोडी जास्त असलेली,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लपवणार होतो. पण चष्मेवालीने विचारलं, आणि तिच्यासमोर मला खोटं सुचत नाही. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, हीच बाई हवी. मी म्हटलं, अगं, तिला तर काही त्रासच नाही. ती म्हणाली, म्हणूनच. मला कळलं नाही. तिचं मला बरंचसं कळत नाही, तेच तर दुखणं आहे.

भावोजींना विचारून बघ ना. ते नको म्हणाले तर मी सभेत उभा राहून टाळ्या परत करीन. यायचं ठरलं तर जरा आधीच ये, बाबा नातीसाठी आसुसलेत.

एक राहिलं. चाक धड आहे की नाही, हे भावोजींनाही आवाजावरूनच कळतं का? बाबांसारखं? मग एवढ्या गोंगाटात ते ऐकतात कसं?

उत्तर आलं नाही तर स्वतः येऊन धडकणारा,
तुझा भाऊ

२ मार्च

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही ताईला जा म्हणालात, फक्त खरं तेवढंच सांग असं बजावलंत. म्हणून घडलेलं तुम्हाला कळवणं माझं काम.

आल्यापासून पिटुकलीच्या डोळ्याला डोळा लागेना. दुपारी आमची गल्ली इतकी गप्प, की बाबांची घड्याळं रस्त्यावर ऐकू येतात. आणि ही पोर त्या शांततेला घाबरून रडते. शेवटी वैतागून मी दुकानाचं शटर धाडकन खाली ओढलं. रडं थांबलं! वर नेऊन पुन्हा आदळलं. पापण्या जड झाल्या. मग काय, मी आदळतच सुटलो. गल्ली धावून आली. समितीच्या अर्जावर सही न देणाऱ्या शिंपीणकाकू तर कात्री घेऊनच. चष्मेवालीही आली, पण ओरडली नाही. गाढ झोपलेल्या पिटुकलीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, आता कळलं? कळलं, भावोजी.

सुनावणीत ताई म्हणाली, मला यार्डाचा त्रास नाही, माझे यजमान तिथेच आहेत आणि काम चोख करतात. रेल्वेचे साहेब मान डोलावत होते. मग ताई म्हणाली, फक्त माझ्या मुलीला शांततेत झोप येत नाही, शटर आपटावं लागतं. लोक हसले, आणि हसू मध्येच विरलं. शिंपीणकाकूंनी मांडीवरच्या नातवाला जवळ ओढलं. साहेबांची मान थांबली. मी तावातावाने उठलो, तर चष्मेवालीने बाही धरून मला खाली बसवलं. तो सदरा मी अजून धुतलेला नाही.

यार्ड रद्द नाही, पण आवाज मोजून अहवाल येईपर्यंत काम बंद. बाबांनी घड्याळ कानाशी धरूनच ती बातमी ऐकली. तुमच्या नोकरीवर काही आलं तर नुसतं कळवा, पुढचं मी बघतो.

तुमचा कायमचा ऋणी,
मेहुणा

१२ मार्च

चि. फटाक्यास,
अनेक आशीर्वाद.

नोकरीवर काही आलेलं नाही, बाह्या खाली कर. आलंय ते वेगळंच. पिटुकली आता इथे झोपत नाही. तुमच्या शांततेची चटक लागली. धडक झाली की दचकते, कानांवर हात ठेवते. तिच्यापायी मीही जागी असते, आणि मला सगळं ऐकू यायला लागलंय.

तुझा तो प्रश्न यांना विचारला. म्हणाले, पूर्वी चाक ऐकायचो, आता हातोड्याच्या दांड्यातून हाताला कळतं. का, म्हटलं. तर म्हणाले, उजव्या कानाने कमी येतं. अरे, मी रोज त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलते. उत्तर आलं नाही की घुम्या म्हणून चिडते.

काल रेल्वे वसाहतीतल्या बायका चहाला आल्या होत्या. यार्ड आम्हाला हवंच आहे, त्यावर आमच्या चुली पेटतात. पण मध्ये उंच भिंत मागता येते, यार्डातल्या माणसांच्या कानांसाठी काही मागता येतं. तुमच्या चिटणीसबाईंना विचारून कळव, असा अर्ज सुरू कसा करतात. तू सांगू नकोस, तू शिव्यांनी सुरू करशील.

आणि तो सदरा धू. बाही ती पुन्हा धरेल.

आता डाव्या बाजूला बसणारी,
ताई